उभी राहिले की आवाज फुटत नसे

बार्शीची लेक
सोमवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहायचं मनात होतं. काल आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली आणि मी तिथे उभी राहून सात मिनिटं बोलले. मागच्या वर्षी याच सभेत मला तीन शब्दांपुढे जाता आलं नव्हतं. मधल्या वर्षात काय केलं ते सांगते. कुणाला उपयोग झाला तर आनंदच आहे, आणि मलाही तुमच्याकडून पुढचं शिकायचं आहे.

आधी मागच्या वर्षीचं. आम्ही धायरीला राहतो. उन्हाळ्यात टँकरशिवाय भागत नाही, हे या भागातल्यांना सांगायला नको. मी एका छोट्या कारखान्यात अकाउंट्स बघते, त्यामुळे आकडे दिसले की ताडून पाहायची सवय. गेटवर वॉचमन प्रत्येक टँकरची वेळ आणि गाडीचा नंबर वहीत लिहितो. एकदा ती वही आणि टँकरची बिलं शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर मेळ बसेना. मला कुणावर आरोप करायचा नव्हता. हिशोब सभेपुढे यावा एवढंच वाटत होतं. दोन पानांचं टिपण काढलं, आरशापुढे चार-पाच वेळा म्हणून पाहिलं.

‘आयत्या वेळचे विषय’ आले तेव्हा हात वर केला. उभी राहिले. ‘मला टँकरच्या बाबतीत’ एवढं म्हटलं आणि जीभ टाळ्याला चिकटली. हातातला कागद असा थरथरत होता की त्याची फडफड माझी मलाच ऐकू येत होती. मागून कुणीतरी म्हणालं, ‘ताई, मुद्द्यावर या.’ मी ‘काही नाही, नंतर बोलते’ म्हणून खाली बसले. घरी येऊन भांडी घासताना सगळं टिपण घडाघडा तोंडात येत होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

हे एका दिवसाचं नव्हतंच. मी बार्शीची. २००१ साली कॉलेजसाठी पुण्यात आले. पहिल्याच महिन्यात वर्गात उत्तर द्यायला उभी राहिले आणि ‘पानी’ म्हणाले. मागच्या बाकावरून तीन-चार जणांनी एका सुरात ‘पाणीऽऽ’ म्हणून दुरुस्त केलं. नंतर मैत्रिणींत बोलताना ‘काय करायलाव’ तोंडातून गेलं की हसू व्हायचं. कुणी दुष्टपणाने करत नव्हतं, पण मी हळूहळू एक युक्ती शिकले: चारचौघांत बोलायचंच नाही. ती युक्ती वीस वर्षं टिकली. ऑफिसात माझं काम चोख, पण मीटिंगमध्ये माझे आकडे दुसरंच कुणी वाचून दाखवायचं.

सभेनंतर आमच्या भिशीतल्या तिघींना हे सगळं सांगितलं. त्यातली एक म्हणाली, ‘आमच्यासमोर बोल ना मग. दर भिशीला तीन मिनिटं.’ नुसतं मीच का, सगळ्यांनीच बोलायचं ठरलं. महिन्यातून दोनदा भेटायला लागलो, उन्हं उतरली की बागेत. नियम तीनच केले. बसून नाही, उभं राहून बोलायचं. बोलत असताना कुणी दुरुस्त करायचं नाही, ‘ण’ नाही की ‘न’ नाही. आणि संपल्यावर ‘छान झालं’, ‘वाईट झालं’ असं काही न म्हणता प्रत्येकीने आपल्या काय लक्षात राहिलं तेवढंच सांगायचं.

हा तिसरा नियम सहज म्हणून केला होता, पण खरं काम त्यानेच केलं. पहिल्यांदा मी पीएफ काढायच्या फॉर्मवर बोलले. सारखं अडकत होते. संपल्यावर एक म्हणाली, ‘माझ्या लक्षात राहिलं की बँकेच्या पासबुकावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं नाही तर पैसे अडकतात.’ बस्स, एवढंच. मी काय सांगितलं ते तिच्यापर्यंत पोचलं होतं. माझे हात कापत होते, आवाज चिरकत होता, त्यातलं काहीच तिने ठेवून घेतलं नव्हतं. त्या संध्याकाळी घरी चालत जाताना खूप हलकं वाटलं.

असं अकरा महिने चाललं. कुणी लोणच्याच्या बरणीबद्दल बोललं, कुणी सासऱ्यांच्या डायलिसिसबद्दल. काल सभेत छातीत धडधड होतीच, ती गेलेली नाही. पण मी बोलले. यापुढे प्रत्येक टँकरच्या नोंदीवर दोन सभासदांची सही घ्यायची, असा ठरावही झाला.

आता माझा प्रश्न. ज्यांना अशी भिशी नाही, घरात ऐकणारं कुणी नाही, त्यांनी सुरुवात कुठून करावी? बाहेरून पुण्यात आलेल्यांनी आपले अनुभव जरूर लिहा.

सिंहगड रोड
सोमवार, रात्री १०.४०

ताई, फार मनापासून लिहिलंय. काल सभेत तुमचं पहिलं वाक्य काय होतं, ते सांगाल का? माझी गाडी तिथेच अडते.

बार्शीची लेक
सोमवार, रात्री १०.५५

‘तीन महिन्यांत गेटवरच्या वहीत ६१ टँकर आहेत आणि आपण पैसे ७४ टँकरचे दिले आहेत.’

नमस्कार-चमत्कार काही नाही, उभी राहून थेट हेच. हॉल एकदम शांत झाला. मग पुढचं बोलायला माझी मलाच जागा मिळाली. हातात सुटा कागद घेतला नव्हता. वही टेबलावर ठेवली आणि एक बोट ओळीवर, त्यामुळे थरथर कुठे दिसलीच नाही. भिशीतल्या दोघी दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. सुरुवातीची दोन मिनिटं मी त्यांच्याकडेच बघून बोलले.

खडू-फळा
मंगळवार, सकाळी ६.५०

मी ३४ वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं वक्तृत्व स्पर्धेची मुलं तयार केली. तुमचा धागा वाचून जे वाटलं ते लिहिते.

‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ इथपासून ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ इथपर्यंत सगळं मी लिहून द्यायचे. कुठे हात वर करायचा, कुठे आवाज चढवायचा, तेही. मुलं पाठ करायची, ढाली आणायची, शाळेच्या कपाटात त्या रांगेने उभ्या आहेत. पण त्यातली कितीतरी मुलं मोठी झाल्यावर भेटतात आणि म्हणतात, ‘बाई, ऑफिसात बोलायची वेळ आली की पोटात गोळा येतो.’ मला याचं खरोखर वाईट वाटतं. मी त्यांना माझं बोलणं म्हणायला शिकवलं, त्यांचं त्यांना बोलायला शिकवलं नाही. पाठ केलेल्या भाषणात एक शब्द हरवला की पुढचा सापडत नाही, कारण मूल अर्थाला धरून चाललेलंच नसतं. शब्द शब्दाला बांधलेला असतो, एक सुटला की माळ ओघळते.

एक प्रसंग सांगते. सातवीतला एक मुलगा, वडिलांचं पंक्चरचं दुकान. वर्गात कधी तोंड उघडायचा नाही. एकदा ‘मला येणारे काम’ असा विषय दिला आणि ठरवलं की कुणालाही काही लिहून द्यायचं नाही. तो उभा राहिला. टायरमधून ट्यूब कशी काढायची, हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यात कशी फिरवायची, बुडबुडे येतील तिथे पेन्सिलने खूण कशी करायची, काचकागदाने घासून खरखरीत का करायचं. सोल्यूशन लावल्यावर लगेच पॅच चिकटवायचा नाही, जरा सुकू द्यायचं, बोट लावून बघायचं, नाहीतर दोन दिवसांत परत येतं गिऱ्हाईक. सात मिनिटं बोलला. हात आपोआप चालत होते, हातवारे कुणी शिकवायची गरजच नव्हती. मुलं पुढे झुकून ऐकत होती. घंटा झाली तरी प्रश्न थांबेनात.

त्यानंतर माझी पद्धत मी बदलली. मुद्दे लिहा, वाक्यं लिहू नका. पाठ करायचंच असेल तर पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य करा, म्हणजे पाण्यात उतरताना आणि बाहेर येताना पायाखाली पायरी असते. मधलं आपल्या शब्दांत. आणि सुरुवात आपल्याला हाताने येणाऱ्या कामापासून करा. ताईंनी पीएफच्या फॉर्मपासून केली, ती त्यांना न सांगता साधलेली आहे.

मिनिटकाटा
मंगळवार, सकाळी ९.१५

‘ज्यांना भिशी नाही त्यांनी काय करावं’ याचं एक उत्तर माझ्याकडे आहे. मी सहा वर्षं टोस्टमास्टर्सच्या क्लबात जातोय. कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना गावी राल्फ स्मेडली या गृहस्थांनी १९२४ साली सुरू केलेली, भाषणाचा सराव करणाऱ्या क्लबांची ही चळवळ. पुण्यात कंपन्यांतही असे क्लब आहेत आणि कुणालाही येता येईल असेही. पाहुणा म्हणून एकदा जाऊन बघता येतं, बोलायची सक्ती नसते.

रचना साधी आहे. काही जण तयारी करून बोलतात, बहुतेक भाषणं पाच ते सात मिनिटांची. नव्या सभासदाचं पहिलं भाषण स्वतःची ओळख करून देणारं, चार ते सहा मिनिटांचं. आयत्या वेळच्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलायचं, तो वेगळा भाग. वेळ बघणारा हिरवा, पिवळा, लाल असे रंग दाखवतो. एक जण ‘अं’, ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ मोजतो, एक जण भाषेकडे लक्ष ठेवतो. प्रत्येक तयार भाषणावर दुसरा सभासद उभा राहून अभिप्राय देतो. यातली गोम अशी की ज्याला भाषण जमत नाही त्यालाही घड्याळ बघायचं काम मिळतं, आणि शेवटी अहवाल द्यायला का होईना, तो उभा राहतोच. माझी पहिले तीन महिने तीच भूमिका होती, हे टोपणनाव तिथूनच आलं.

एका बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे, ताई. दुरुस्तीच करायची नाही हे मला पटत नाही. मी दर वाक्याला ‘म्हणजे’ म्हणायचो, हे मला कुणी मोजून सांगितलं नसतं तर कळलंच नसतं. एका भाषणात २३ वेळा. ऐकून धक्का बसला, पण तीन महिन्यांत चारवर आलो.

अडचण एकच. मी पाहिलेल्या बऱ्याच क्लबांचं कामकाज इंग्रजीत चालतं. ज्याला आधी मराठीत मोकळं व्हायचंय त्याला ते दुप्पट जड जातं.

बार्शीची लेक
मंगळवार, दुपारी १.३०

मिनिटकाटा दादा, तुमचं म्हणणं खोटं नाही. आता कुणी माझे ‘म्हणजे’ मोजले तर मला आवडेल. पण पहिल्या महिन्यात मोजले असते तर मी दुसऱ्यांदा उभी राहिले नसते. ज्याला वीस वर्षं दुरुस्त्याच मिळाल्या आहेत, त्याला आधी काही महिने नुसतं ऐकणारं माणूस लागतं. रोप लावल्या लावल्या छाटत नाहीत.

आणि ‘म्हणजे’ मोजणं वेगळं, ‘न’ला हसणं वेगळं. पहिली सवय आहे, दुसरी माझ्या आईची भाषा आहे.

मिनिटकाटा
मंगळवार, दुपारी १.५०

शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. हा फरक मी असा कधी पाहिला नव्हता.

गोदाकाठ
मंगळवार, रात्री ११.४८

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसता वाचतो, आज पहिल्यांदाच लिहितोय.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. बार्शीच्या ताईंनी जे २००१ चं लिहिलंय ते माझ्यासोबत मागच्या वर्षी झालं. सेमिनारला ‘पानी’ म्हणालो, दोघं हसले, सर पण हसले. त्यानंतर ग्रुपमध्ये काम मी करतो आणि बोलतो दुसरा. कोडिंग माझं, सर्किट माझं. तोंडी परीक्षेत विचारलं तर उत्तर माहीत असून ‘नाही माहीत’ म्हणतो, कारण ते एका वाक्यात संपतं.

येत्या शुक्रवारी प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन आहे, बाहेरचे परीक्षक येणार. या वेळी प्रत्येकाने आपला भाग बोलायचा असा नियम आहे. माझ्या वाट्याला आठ मिनिटं आहेत. तीन दिवस झाले, मेसचं जेवण उतरत नाही. मला मोठा वक्ता व्हायचं नाही, शुक्रवार निघावा एवढंच वाटतं.

पेठेतला
बुधवार, सकाळी ७.२०

गोदाकाठ, तुला एकेरीतच लिहितो, वयाने तू माझ्या नातवासारखा आहेस.

माझं सगळं आयुष्य सदाशिव पेठेत गेलं, वय ७२. तुला आणि बार्शीच्या ताईंना जे सोसावं लागलं ते आमच्यासारख्यांच्या वागण्याने. मीही तरुणपणी अशी दुरुस्ती केलेली आहे, आणि त्यात आपण भाषेची सेवा करतो असं वाटायचं. समोरचा माणूस त्यानंतर बोलायचा थांबला, हे लक्षात यायला फार वर्षं गेली. त्याबद्दल मी तुमची माफी मागतो.

आता एक गोष्ट सांगतो, शुक्रवारपर्यंत जवळ ठेव. गांधीजींनी आत्मचरित्रात स्वतःच्या या भित्रेपणाबद्दल सविस्तर लिहिलंय. लंडनला शाकाहारी मंडळाच्या सभेत लिहून नेलेलंसुद्धा त्यांना वाचता येत नसे. मुंबईत वकिलीचा पहिला खटला मिळाला. उलटतपासणीला उभे राहिले, डोकं गरगरलं, एक प्रश्न सुचेना. पक्षकाराला दुसरा वकील बघायला सांगून बाहेर पडले. १८९६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांच्या प्रश्नावर मुंबईत मोठी सभा होती. फिरोजशहा मेहतांनी आधीच बजावल्यामुळे भाषण छापून तयार होतं. आवाजच चढेना. शेवटी ते भाषण दिनशा वाच्छांनी वाचून दाखवलं आणि मग सभा शांत झाली.

त्यानंतर लगेच, त्याच दौऱ्यात, हा माणूस आपल्या पुण्यात आला. टिळकांना भेटला, भांडारकरांना भेटला, फर्ग्युसन कॉलेजात जाऊन गोखल्यांना भेटला. आवाज फुटत नाही म्हणून घरी बसला नाही. एकेकाला समोरासमोर भेटून तेच सांगत राहिला. मला त्यांच्या पुढच्या हजारोंच्या सभांपेक्षा हे पुण्याचे दिवस मोठे वाटतात. पुढे त्यांनी असंही लिहिलंय की या संकोचाने त्यांना शब्द जपून वापरायला शिकवलं.

पुण्याला बोलण्याचा नाद जुना आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती चालवणाऱ्या संस्थेचं नावच वक्तृत्वोत्तेजक सभा. उत्तेजन देणारी! एप्रिल-मेमध्ये टिळक स्मारक मंदिरात एखाद्या संध्याकाळी येऊन बस. मी ४० वर्षं जातोय. अडखळणारे वक्तेही तिथे ऐकले आणि सोलापूर-नांदेडच्या बोलीत बोलून सभागृह भारून टाकणारेही. तुझ्या विषयात तू किती पाण्यात आहेस ते परीक्षक बघणार, ‘ण’ नव्हे.

ओलावा
बुधवार, सकाळी १०.०५

पेठेतले काका, डोळ्यांत पाणी आलं. +१.

दीर्घ श्वास
बुधवार, सकाळी ११.३०

मी समुपदेशक आहे, थोडं शरीराबद्दल. उभं राहिल्यावर ॲड्रेनलिन वाढतं. हृदय जोरात चालतं, लाळ कमी होते म्हणून जीभ टाळ्याला चिकटते, स्नायू ताणले जातात म्हणून हात थरथरतात. शरीराला हे बिबट्या दिसल्यासारखंच वाटत असतं. यात तुमचा काही दोष नाही.

प्रयोगशाळेत निरोगी माणसावर ताण आणायचा असेल तर काय करतात माहितेय? जर्मनीतल्या ट्रायर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ मध्ये एक चाचणी मांडली, ती आजही जगभर वापरतात. माणसाला पाच मिनिटं भाषण करायला लावतात, मग तोंडी गणित. समोर बसलेल्या परीक्षकांना चेहरा कोरा ठेवायला शिकवलेलं असतं. हसायचं नाही, मान डोलवायची नाही. एवढ्यानेच ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसोल, चढतं. भिशीतल्या बायकांनी नेमकं याच्या उलट केलं, म्हणून ताईंचा धागा मला फार मोलाचा वाटतो.

गोदाकाठ, तुझ्यासाठी दोन अभ्यास. २००३ मध्ये सॅविट्स्की आणि गिलोविच यांनी काही वक्त्यांना आधीच सांगितलं की तुमची आतली घालमेल तुम्हाला वाटते तितकी बाहेर दिसत नाही. ज्यांना हे सांगितलं ते इतरांपेक्षा चांगलं बोलले. दुसरा २०१४ चा, हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांचा. ‘शांत हो’ असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह आलाय’ म्हणणाऱ्यांचं भाषण सरस झालं. धडधड दाबायला जाऊ नकोस. उत्साहातही छाती तशीच धडधडते.

बोलायच्या आधी पाच-सहा वेळा श्वास सावकाश घे आणि घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोड. पाण्याची बाटली हाताशी ठेव.

आणि एक, सगळ्यांसाठी. भीतीमुळे महिनोन् महिने कॉलेज, नोकरी, लग्नकार्य टाळलं जात असेल तर ते नुसत्या सरावावर सोडू नका. त्यावर चांगले उपचार आहेत, तज्ज्ञांना भेटा.

अडखळ
बुधवार, रात्री ८.४०

माझं नाव ‘प’ने सुरू होतं आणि ‘प’ माझ्या तोंडातून निघत नाही. मी तोतरं बोलतो, लहानपणापासून. त्यामुळे माझ्यासाठी स्टेज फार लांब. फोनवर नाव सांगणं, हॉटेलात ‘पोहे’ मागणं, हीच सभा. कित्येक वर्षं मी उपमा खाल्ला, कारण तो म्हणता येतो.

तोतरं बोलणाऱ्यांच्या एका गटात गेल्यावर एक वेगळीच गोष्ट शिकलो. मुद्दाम अडखळायचं. जो शब्द नीट येतो त्यावरही आपण होऊन अडखळायचं, म्हणजे लपवायचं काही उरत नाही. आणि सुरुवातीलाच सांगून टाकायचं: ‘मी अडखळतो, जरा वेळ द्या.’ हे वाक्य पहिल्यांदा बँकेच्या काउंटरवर म्हटलं. समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि थांबल्या. माझं काम झालं. अजूनही अडखळतो, आता पोहे मागवतो.

ऐकणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. आमचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. मदत म्हणून करता, पण आमच्या तोंडचा घास जातो. नजर न वळवता थांबा, तेवढं पुरे.

सिंहगड रोड
बुधवार, रात्री ९.१०

एक सावधगिरी. माझ्या भावाने ‘आठ दिवसांत आत्मविश्वास’ अशा एका क्लासला घसघशीत फी भरली. हॉलमध्ये दीडशे माणसं, बोलणारा एकच, तो म्हणजे शिकवणारा. भावाला आठ दिवसांत एकदाही उभं केलं नाही. पैसे भरण्याआधी एकच विचारा: मला किती मिनिटं बोलायला मिळणार?

बार्शीची लेक
बुधवार, रात्री ९.३०

गोदाकाठ, ऐक. तुझं प्रोजेक्ट कशावर आहे ते मराठीत, घरी सांगतोस तसं, इथे लिही. मग उद्या संध्याकाळी आम्ही चौघी व्हिडिओ कॉलवर बसतो. आठ मिनिटं उभं राहून बोल. आम्हाला सर्किटमधलं काही कळत नाही, पण लक्षात काय राहिलं ते सांगू. आणि जमलं तर उद्या त्या खोलीत एकदा जाऊन उभा राहून ये. फळा कुठे, परीक्षक कुठे बसणार, सगळं बघून ठेव.

गोदाकाठ
बुधवार, रात्री ११.१५

ताई, काय बोलू. हो.

प्रोजेक्ट असं आहे. आमच्याकडे काळी जमीन. पेरणी, कोळपणी करायला रानाला वापसा यावा लागतो. बाबा रानात जातात, वीतभर खालची माती मुठीत घेऊन दाबतात. हाताला चिकटली तर अजून दोन दिवस. गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला तर वापसा आला. मी मातीत सेन्सर लावून तोच वापसा मोबाइलवर दाखवायचा प्रयत्न केलाय. स्लाइडवर याचं नाव इंग्रजीत मोठं आहे. वापसा हा शब्द त्यात कुठेच नाही.

खडू-फळा
गुरुवार, सकाळी ६.३०

बाळा, मुठीपासून सुरुवात कर. स्लाइड नंतर.

गोदाकाठ
शुक्रवार, संध्याकाळी ६.०५

झालं.

काल ताई आणि त्यांच्या मैत्रिणींसमोर दोनदा बोललो. पहिल्यांदा चौघींच्याही लक्षात फक्त बाबांची मूठ राहिली होती, सेन्सर कुणाच्याच नाही. मग दुसऱ्यांदा सेन्सर मुठीला जोडून सांगितला: मूठ जे हाताला सांगते ते ही पट्टी आकड्यात सांगते.

आज खिशात गावाकडची माती नव्हती, पण हॉस्टेलमागची ओली माती रुमालात नेली होती. उभा राहिलो, मूठ दाबून दाखवली. छातीत ढोल वाजत होता. ‘पानी’ दोनदा म्हणालो, मला कळलं, थांबलो नाही. कुणी हसलं की नाही तेही पाहिलं नाही, कारण परीक्षक पुढे वाकून मातीकडे बघत होते. त्यांनी विचारलं, काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, तेव्हा सेन्सरभोवतीची माती सुटते, मग आकडा खरा कसा मानायचा? हे मी घरच्या शेतात झालेलं पाहिलंय, म्हणून सांगू शकलो. आकडा चुकतो, ओल असून कोरडं दाखवतो, पट्टी पुन्हा माती दाबून बसवावी लागते. दुसरा प्रश्न बॅटरीच्या आयुष्याचा होता, तो येत नव्हता. ‘हे मोजलेलं नाही सर, मोजून सांगतो’ म्हणालो. आधी मी येत असलेल्या उत्तरालाही ‘माहीत नाही’ म्हणायचो.

आठऐवजी अकरा मिनिटं झाली. आता मेसला चाललोय, भूक लागलीय.

पेठेतला
शुक्रवार, संध्याकाळी ६.३०

शाब्बास रे पोरा.

अडखळ
शुक्रवार, संध्याकाळी ७.१५

बार्शीच्या ताई, तुमच्या बागेतल्या भेटीत पुरुषांना येता येतं का? मला तीन मिनिटांना सहा लागतील.

बार्शीची लेक
शुक्रवार, रात्री ८.००

आत्ताच तिघींना विचारलं. या, सहा मिनिटं तुमची. गोदाकाठ, तूही ये. उद्या साडेपाच, जागेचं दोघांना निरोपात कळवते. येताना कुणीतरी सतरंजी आणा, आमची लहान पडेल.